दोन शिंगांची गिटार

"लाकूड कोणतं?" गिटार हातात घ्यायच्या आधीच मी विचारलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचा माणूस दुसरं काय विचारणार? पलंग असो की दार, आमच्याकडे आलापल्लीचा साग म्हटला की बोलणं संपतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला, त्याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही.

गिटार विकणारा पोरगा वडशाचा, झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवणारा. हंगाम दिवाळी ते होळी. तो संपला आणि त्याला पैसे हवे होते. मी गोंदियाच्या गाडीने मूलहून वडशाला गेलो होतो. गिटार लाल, दोन्ही बाजूंनी खाच, गव्यासारखी दोन शिंगं. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरची ही स्वस्त नक्कल. त्या खाचा मला नक्षी वाटल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे हात पार खालच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीपर्यंत, पोचतो. भाव आठ हजार.

शेजारी ऑर्गनवाले काका बसले होते. म्हणाले, "लाकूड सोड रे बाबू. दांडी पाय."

दांडी कशी पाहायची? काकांनी गिटार डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि सुतार फळी पाहतो तसे टोकापासून बघत राहिले. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली. सातव्या फ्रेटपाशी पत्त्यातल्या पानाएवढी फट दिसली. "एवढी पाहिजेच. जास्त असली तर आतली सळई आवळायची. पण दांडी पिळलेली असली तर हात जोडायचे."

माझ्या पोटात गोळा आला. आठवड्यापूर्वी चंद्रपुरात एका चकचकीत नव्या गिटारीवर मी पाचशे रुपये इसार देऊन बसलो होतो. ती डोळ्यासमोर कोण धरतो! परत जाऊन धरली, तर पिळलेली. पाचशे गेले.

वडशात मात्र काकांनी मला सहा तारांवर बावीस फ्रेट, म्हणजे एकशे बत्तीस जागा एकेक करून वाजवायला लावल्या. दोन जागी तार झणझणली. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून वाजवली तर मोबाइलचा ट्यूनर बरोबर सूर दाखवी, दाबून वाजवली की चढा. ब्रिजवरचा स्क्रू फिरवून तार किंचित लांब केल्यावर तो जुळला. दांडीच्या कडेने बोट फिरवलं तर फ्रेटची टोकं टोचली. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. टोकं बाहेर येतात. कानशीने घासली की झालं. अ‍ॅम्पला जोडून बटणं फिरवली, एक खरखरलं. तेही साफ होण्याजोगं.

तेव्हा हिशोब कळला. स्क्रू, कानस, साफसफाई यांनी सुटणारे दोष म्हणजे घासाघीस करायला निमित्त. पिळलेली दांडी आणि झिजून सपाट झालेले फ्रेट म्हणजे स्वस्तातली महागाई. मी सहा हजार आठशे दिले.

जुलैत पाऊस लागला आणि दांडी किंचित वाकली. अ‍ॅलन कीने सळईला पाव फेरा दिला, सुधारली. आपल्या भागात गिटार घेणार असाल, तर दांडी डोळ्यासमोर धरल्याशिवाय इसार देऊ नका.