पनवेल ते मोपा : 62 टप्पे

बाबा पनवेल आगारात कंडक्टर होते. एसटीचा एक टप्पा 6 किलोमीटरचा, आणि गोवा रस्त्यावरचे सगळे टप्पे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. पळस्पे फाट्यावरून वडखळ, माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली करत आमच्या बांद्यापर्यंत साधारण 470 किलोमीटर होतात. गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र रात्रभराचा प्रवास त्यांना सोसत नाही, त्यात 2011 पासून रखडलेल्या रुंदीकरणाचे धक्के. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, तेव्हा मी दोघांची मोप्याची तिकिटं काढली. विमानतळ गोव्यातला असला तरी बांद्याहून अगदी जवळ.

"किलोमीटर किती?" बाबांनी पहिलं तेच विचारलं.

सरळ रेषेत सुमारे 370, मी म्हटलं.

"म्हणजे 62 टप्पे. मग सव्वा तास कशाला? विमान तर ताशी 800 नं जातं ना?"

प्रश्न रास्त होता. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि उतरून पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, वर चढणं, वळून ठरलेल्या मार्गाला लागणं, सगळं त्यातच. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान पुरत्या वेगानं जातं ते थोडाच वेळ. शिवाय उशीर झाला तर सांभाळून घ्यायला थोडी मिनिटं धरलेली असतात. बाबांना ते लगेच पटलं. आगारातून गाडी काढायलाही वेळ लागतोच, म्हणाले.

विमान धावपट्टीकडे निघालं तसे ते खिडकीतून खाली बघत गावांची नावं घेऊ लागले. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे. या गावांची माणसं त्यांच्या ओळखीची होती, त्यांची तिकिटं त्यांनी फाडली होती. 1160 हेक्टरच्या या विमानतळासाठी ती गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्या, म्हणून इथले भूमिपुत्र रस्त्यावर उतरले ते उगीच नाही. आमचा वाचलेला वेळ त्यांच्या जमिनीवर उभा आहे, आणि पनवेलकरांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत बाबांनी घड्याळ लावलं होतं. पाऊण तासाच्या वर थोडी मिनिटं झाली. मुंबईच्या सहार विमानतळावरून उडालो असतो तरी एवढाच वेळ लागला असता. फरक पडला तो जमिनीवर. पूर्वी वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला असं रेटत सहार गाठायला गर्दीच्या वेळी दोन तासही जायचे, म्हणजे विमानात बसण्याआधीच माणूस थकायचा. आता घरातून निघून अर्ध्या तासात आम्ही विमानतळाच्या दारात होतो. तपासणी, थांबणं, मोप्याहून गाडी हे सगळं धरून पाच तासांत घरून घरी.

बांद्याला काकू दारातच म्हणाली, "सकाळी निघालात आणि जेवणाक हजर?"

बाबा खुशीत होते. पण गणपतीला सगळं घर जायचं तर विमानाचं भाडं झेपणारं नाही. तेव्हा कोकण रेल्वेच. बाबांसाठी खालचा बर्थ मिळावा म्हणून आरक्षण उघडेल त्या सकाळीच बसायचं आहे.