सोरायसिस: गोळी, तेल आणि बिनलेबलची पुडी

मंडळी, आज पिकाचं नाही, कातडीचं. कोपरावर-गुडघ्यावर सोरायसिसचे चट्टे आहेत, सहा वर्षं झाली. हा लागट नाही, आपलीच प्रतिकारशक्ती उलटते. तरी पैऱ्याला आलेली माणसं माझ्या तांब्यानं पाणी प्यायला बिचकतात. उसाचं पान जिथं कापतं तिथं दोन-तीन आठवड्यांत नवा चट्टा उठतो. म्हणून पाचट काढताना पूर्ण बाही, हातमोजे.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली. आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतते. मी रविवार धरलाय, कॅलेंडरवर खूण करतो. रक्त, लिव्हर तपासत राहावं लागतं, दारू बंद.

घरात म्हणतात, एवढं जहाल कशाला? पाहुण्यांनी पुडी आणली, "शुद्ध जडीबुटी, आठ दिवसांत साफ." जैविक म्हणून घेतलेल्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक निघतं, हे आपल्याला ठाऊक आहे ना? तसंच अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. गुण झटकन येतो, बंद केलं की आधीपेक्षा जोरात उसळू शकतं. घटकच लिहिलेले नव्हते, पुडी परत दिली.

खोबरेल मात्र चालू आहे. आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलं की खपल्या मऊ पडतात. डॉक्टरांचीही ना नाही. मुळातून बरं ते करत नाही, गोळीही नाही.

सोमवारी रक्त द्यायला तालुक्याला जायचंय. त्या दिवशीचं पाणी भाऊ बघेल.