विहिरींतील सोनेरी फीत

आमच्या कोंकणांतील घरामागें जुनी पायऱ्यांची विहीर आहे. गेल्या पावसाळ्यांत वहिनी तिच्या पायरीवरून घसरल्या व महिनाभर अंथरुणाला खिळल्या. म्हणून यंदा श्रावणांत विहिरींतील सर्व शेवाळ खरवडून काढण्याचें ठरलें, आणि तें काम आमच्याकडे आलें.

पायऱ्या झाल्या. आंतल्या कोनाड्यापाशीं मात्र पुतणी आडवी आली. तेथें दर पावसाळ्यांत एक हिरवट-सोनेरी झळाळी दिसते. आमची आजी तिला देवाचा उजेड म्हणे. वस्तुतः हा उजेड बाहेरचाच, परतून आलेला. रात्रीं तेथें कांहींच दिसत नाहीं.

"काका, हें शेवाळ नव्हे ना?" तिनें विचारलें. कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या आम्हीं तत्काल सांगितलें, "ही यकृतका. मार्कँशिया!" तिनें निमूटपणें भिंग पुढें केलें.

मार्कँशियाची फीत जाडसर. तिच्यावर पुष्कळदां इवल्या वाट्या असतात व त्यांतील कळ्या पावसाच्या थेंबानें उडून अन्यत्र रुजतात. येथें वाटी एकही नव्हती. केवळ तेवढ्यानें हार मानावी असें नाहीं, कारण वाट्या नेहमींच असतात असें नव्हे. परंतु ही फीत इतकी पातळ कीं बोटावर ठेवली तर खालच्या रेषा दिसाव्या! पात्याने तिचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तेव्हां आंत पोकळ कोठड्यांचा एकच थर दिसला. मार्कँशियाच्या कोठड्यांत हिरव्या पेशींचे तंतू उभे असतात. ह्या रिकाम्या होत्या. म्हणजे ही सायाथोडियम!

पण कोणती? लाहोरच्या सरकारी कॉलेजांतील प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनीं नांव दिलेल्या एका जातीस पाऊस सरतांना टोकाशीं बारीक गांठी येतात. फीत वाळून जाते, गांठी मातींत उन्हाळा काढतात व पुढल्या पावसांत फुटतात. तेव्हां आज खरवडलें कीं उत्तर गेलें.

आम्हांस वहिनींपुढें हें काढण्याचा संकोच वाटत होता. त्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाल्या, "भाऊजी, पायऱ्या घांसल्यात ना? कोनाड्यांत मी पाय ठेवीत नाहीं."

कार्तिकांत वाळलेल्या फितींच्या टोकांशीं मोहरीहूनही लहान गांठी सांपडल्या. पुतणीनें वहींत नांव लिहिलें, सायाथोडियम ट्यूबरोसम. आमचें मार्कँशिया मात्र तिनें खोडलें नाहीं. कंसांत, 'काकांच्या मतें' म्हणून ठेवलें आहे.