त्याला नाव का नाही?

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मी हॉस्टेलवर असताना वाचली. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरी राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. दोघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. दोघांशीही नातं जोडणाऱ्या त्याला मात्र ना नाव, ना निवेदन. आधी तनयला, मग अनुजालाही सोडून तो निघून जातो. मी बायसेक्शुअल आहे. मला ऐकायचं होतं ते त्याचं.

कादंबरी त्या भावंडांच्या दुःखाची आहे, मान्य. पण सगळे ज्याच्याबद्दल बोलतात आणि जो स्वतः बोलत नाही, असं पात्र दलित वाचकाला नवं नाही. इतरांच्या साहित्यात आपण असेच होतो, म्हणून तर आत्मकथनं लिहावी लागली.

इंग्लंडच्या ॲलिस ओसमन यांच्या 'हार्टस्टॉपर'मधला रग्बी खेळणारा निक आपण बायसेक्शुअल असल्याचं स्वतः सांगतो. आईही त्याला समजून घेते. आपल्या वस्तीतल्या, दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या निकचं पुस्तक कोण लिहिणार?

चळवळीतले काही साथी याला 'सवर्णांची थेरं' म्हणतात. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी मांडली होती. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. साथींनी आधी तो खटला वाचावा, मग माझ्याशी भांडावं.