कवंदीच्या कोपऱ्यावरचे फूल

सिद्दी हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला जंजिरा आठवतो. भर समुद्रात उभा असलेला तो दुर्ग, त्याचे बुरूज आणि त्यांच्यापुढे हात टेकलेल्या मोहिमा डोळ्यांपुढे येतात. इतिहासाची थोडी अधिक गोडी असलेल्यास मलिक अंबरही आठवेल. परंतु आज आपण ज्या सिद्दींच्या दारी जाणार आहोत, त्यांच्यापाशी किल्ला नाही आणि तोफाही नाहीत. त्यांच्या अंगणात आपणांस प्रथम दिसेल ती उन्हात वाळत घातलेली एक गोधडी. आणि ती इतक्या रंगांची असेल, की घराच्या मातकट भिंतीकडे आपले लक्षही जाणार नाही.

हुबळीहून अंकोल्याकडे जाणारा रस्ता धरावा. कलघटगी मागे पडते तसतशी काळी माती सरते आणि तांबडी सुरू होते. कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतांची जागा साग आणि बांबू घेतात. सुमारे सत्तर किलोमीटरवर यल्लापूर लागते. प्रवासी येथून बहुधा मागोड किंवा सातोडीच्या धबधब्याकडे वळतात. त्यांना वळू द्यावे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड आणि अंकोला या तालुक्यांच्या रानांत, आडवाटेला, सिद्दींच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. हा उत्तर कन्नड जिल्हा. जुन्या पिढीतील मराठी माणसे त्याला अजूनही कारवार जिल्हाच म्हणतात, कारण १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता.

या लोकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. आले म्हणण्यापेक्षा आणले गेले म्हणणे खरे. अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी शतकानुशतके माणसांचा जो व्यापार केला, त्यातून कित्येक जण गोव्याच्या बाजारात पोहोचले. त्यांतील ज्यांना संधी मिळाली ते घाट चढून या अरण्यात पळाले आणि इथलेच झाले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरात ते कोंकणीच्या वळणाची बोली बोलतात, बाजारात कन्नड, आणि हल्याळच्या बाजूस पुष्कळांना मराठीही चांगली समजते. आपण 'बाई, पाणी द्याल का?' असे विचारले तर दुभाष्याची गरज पडणार नाही. दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत आणि भातशेतांत मजुरी करणे हाच अनेक पिढ्या बहुतेकांचा चरितार्थ होता. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्या सभागृहात बसणारे ते या समाजाचे पहिले सदस्य.

आता त्या गोधडीकडे वळू. तिला येथे 'कवंदी' म्हणतात. भाषांतराचे काम करणाऱ्यास अशा शब्दापाशी थबकावे लागते. गोधडी म्हणावे, तर आपल्याकडे त्या शब्दाला दारिद्र्याचा वास चिकटलेला आहे. वाकळ म्हणावे, तर ती जाड आणि जड. दुपटे हे बाळाचे खरे, पण ते पातळ. मोठ्या शहरांतील प्रदर्शनांतून 'क्विल्ट' असे लिहिलेले असते, ते तर यांपैकी काहीच नव्हे. म्हणून कवंदीला कवंदीच म्हणावे हे उत्तम.

ती कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. तळाला एक जुनी सुती साडी पसरतात. तिच्यावर जीर्ण कपड्यांचे तुकडे बसवीत जायचे. आजोबांचा सदरा, मुलीचा विटलेला परकर, शाळेच्या गणवेशाचा उरलेला चौकोन, असे जे घरात निरुपयोगी झाले असेल ते. बाई जमिनीवर बसते, कापड आपल्याभोवती पसरते आणि एका कोपऱ्यापासून साधा धावदोरा घालू लागते. टाका कडेकडेने जातो, चारही बाजू फिरून येतो, मग त्याच्या आत दुसरी फेरी, तिच्या आत तिसरी. असे करीत तो शेवटी मधोमध येऊन थांबतो. आधी आखलेला नमुना नसतो. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा हे हातात तुकडा आल्यावर ठरते, आणि तरीही दोन घरच्या कवंद्या शेजारी ठेवल्या तर यातली कोणाची हे वाडीतील माणसे सांगू शकतात. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीवर कधी चंद्रकोर. टाका मात्र सर्वांचा एकच.

चारही कोपऱ्यांवर मात्र एक गोष्ट असलीच पाहिजे. कापडाचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा दुमडून त्याचा जाडसर त्रिकोण करतात आणि तो कोपऱ्यावर टाचतात. याला 'फूल' म्हणतात. फुलावाचून कवंदी उघडी राहते, नागवी राहते, असे तेथील बायका मानतात. या फुलांचा ऊब देण्याशी काही संबंध नाही. ती नसती तरी थंडी तेवढीच वाजली असती. अंगावर पुरेसे वस्त्र नसलेल्या माणसांनी आपल्या पांघरुणाच्या लाजेची काळजी वाहावी, ही गोष्ट मला त्या सबंध प्रदेशातील कोणत्याही धबधब्यापेक्षा मोठी वाटते.

मोठ्या माणसांच्या कवंद्या पाहून झाल्या, की पाळण्यातली कवंदी पाहावी. ती आकाराने लहान, पण कामाने अधिक. तिच्या तुकड्यांवर आणखी बारीक बारीक, झगझगीत रंगांचे तुकडे बसवतात. त्यांना 'टिकेली' म्हणतात. टिकेल्यांनी बाळ उबेत राहते आणि आनंदात राहते, असे कारण सांगतात. उबेचे ठीक, आनंदाचाही विचार केला, हे विशेष. हे काम बहुधा घरातील वृद्ध स्त्रिया करतात, कारण शेतावर जाण्याचे त्यांचे दिवस सरलेले असतात. आपल्याकडेही सुनेला दिवस गेले की आजी जुनी लुगडी काढून बाळोती फाडायला बसते, कुंची आणि अंगडे-टोपडे शिवते. बिहारात मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावची सुजनी आणि बंगालची कांथा, यांचाही उगम जुन्या साड्यांच्या थरांतच आहे. मऊ कापड नवे विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षे धुतल्यानेच मऊ होते, आणि बाळाच्या त्वचेला तेच सोसते.

पण हाच आधार आता निसटू लागला आहे. स्वस्त साडी म्हणजे कृत्रिम धाग्याची साडी, असे समीकरण खेड्यापाड्यांत होऊन बसले आहे. ती लवकर विरत नाही, हे खरे. पण ती घाम शोषीत नाही, सुईखाली सरकते आणि कितीही धुतली तरी मऊ पडत नाही. घरातील आजीचे लुगडे सुती होते, सुनेची साडी तशी नाही. मग नातवंडाची कवंदी कशाची शिवावी? काही घरांत शिंप्याकडील चिंध्या आणतात, काही घरांत बाजारातून तयार ब्लँकेट येते. ते झटपट येते आणि डोळ्यांना त्रासही नाही.

दुसरीकडे बाहेरच्या जगाने कवंदीची दखल घेतली आहे. अमेरिकन कलेतिहासकार हेन्री जॉन ड्रूअल यांनी तिचा अभ्यास केला, त्यांच्या साहाय्याने २००४ साली सिद्दी स्त्रियांची एक सहकारी मंडळी उभी राहिली, आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात या गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या. विक्रीने पैसा आला तर त्यात वावगे काय? जिने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या बागेत सुपारी सोलली, तिला स्वतःच्या सुईचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. मात्र गिऱ्हाईक एकसारखे रंग मागते, मापे ठरवून देते, नवे कोरे कापड मागते. आणि मग कवंदी होते, पण तिच्यात कोणाचा सदरा उरत नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही असाव्यात. विकायची एक आणि पाळण्यातली एक, आणि दोहोंत गल्लत होऊ नये.

वाचक भगिनींपैकी कोणास घरी अशी लहानशी कवंदी करावयाची असेल, तर काम अवघड नाही. फक्त उतावीळ चालत नाही. दोन जुन्या सुती साड्या किंवा धोतरे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. एकीची घडी करून तीन हात लांब, दोन हात रुंद असा तळ करावा. दुसरीचे आणि घरातल्या इतर जीर्ण सुती कपड्यांचे तुकडे कापून घ्यावेत. बटणे, हूक, जर, टिकल्या काढून टाकाव्यात. बाळ हाती येईल ते तोंडात घालते. तुकड्यांच्या कडा आत दुमडून, कोपऱ्यापासून आत आत धावदोरा घालीत जावे. पांढऱ्या दोऱ्याचा टाका गडद कापडावर उठून दिसतो, त्याची लाज बाळगू नये. चार फुले विसरू नयेत, पण ती पक्की टाचावीत. आणखी एक सांगितले पाहिजे: वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये, तोंडाजवळ मऊ कापडांचे ढीग ठेवू नयेत, असे डॉक्टर आता निक्षून सांगतात. कवंदी जागेपणी जमिनीवर अंथरावी. बाळ पालथे पडू लागले की त्याच टिकेल्यांवर बोटे फिरवील.

आणि यल्लापूरच्या वाटेने कधी जाणे झालेच, तर सिद्दी वाडीत कॅमेरा काढण्यापूर्वी ओसरीवर बसावे, नाव-गाव सांगावे, घरच्या बाईला 'मावशी' म्हणावे. कवंदी विकत घ्यावयाची असेल तर भाव करू नये. तिच्यात किती दिवसांचे टाके आहेत, हे मोजून पाहावे. जाताना आपल्या पेटीत कपाटातल्या दोन-चार जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या ठेवाव्यात. तेथे त्यांचे स्वागत मिठाईच्या पुड्यापेक्षा अधिक होईल.