हिरवे सेवाचिन्ह

निवृत्तीच्या दिवशी मी माझ्या टेबलाचा खण रिकामा करीत होतो. तळाशी हिरव्या कापडाचा एक वाटोळा तुकडा सापडला. आकाराने जुन्या रुपयाएवढा. मध्ये पांढऱ्या दोऱ्याने भरलेला पाण्याचा थेंब. आमच्या स्काऊट पथकाचे ते सेवाचिन्ह. गावच्या शिंप्याने शिवून दिलेल्या चिन्हांपैकी हे एक उरले होते. ते पाहिले की मला आजही थोडे ओशाळल्यासारखे होते.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका खेड्यात मी तेव्हा शिक्षक होतो आणि स्काऊट पथक माझ्याकडे होते. १९९४ सालच्या पावसाळ्याअखेर आम्ही गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा बांधावयाचे ठरविले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती व वाळू भरावयाची, त्यांची तोंडे शिवावयाची आणि त्या पात्रात आडव्या रचावयाच्या. एरव्ही वाहून जाणारे पाणी त्यामुळे अडते व जवळपासच्या विहिरींना उतरते. शाळा सुटल्यावर मुले रोज श्रमदान करीत. असे वीस दिवस चालले. ज्याची पंधरा दिवस हजेरी भरेल त्याला सेवाचिन्ह, असा नियम मीच केला. नियम करण्यास मला श्रम पडले नाहीत. हजेरीपट हाताशीच होता.

पथकात सहावीतील एक मुलगा होता. त्याला गणवेश नव्हता, म्हणून तो आपण होऊनच रांगेच्या शेवटी उभा राही. घरच्या शेळ्यांमुळे त्याचे दिवस बुडत. त्याची हजेरी अकरा भरली. दिवाळीच्या सुमारास, त्या भागातील कित्येक कुटुंबांप्रमाणे, त्याचे आईवडीलही मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. धाकट्या बहिणीला सांभाळावयास त्यालाही बरोबर नेले. घरी म्हातारी आजी तेवढी राहिली.

२६ जानेवारीस झेंडावंदनानंतर समारंभ झाला. मी भाषण केले आणि हरीशचंद्र मेहरा या स्काऊटची गोष्ट सांगितली. १९५७ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान पंडित नेहरू बसले असताना शामियान्याला आग लागली. तेव्हा चौदा वर्षांच्या हरीशचंद्राने खांबावर चढून जळते कापड आपल्या चाकूने कापून काढले. मुलांच्या शौर्याचा गौरव करणारे राष्ट्रीय पुरस्कार त्या प्रसंगातूनच सुरू झाले. गोष्ट मुलांना फार आवडली. मग मी एकेकाचे नाव पुकारले, सदऱ्यावर चिन्ह लावले आणि स्काऊटांच्या रीतीप्रमाणे डाव्या हाताने हस्तांदोलन केले. टाळ्या झाल्या. समारंभ उत्तम पार पडला असे मला वाटले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सहज ओढ्याकडे गेलो. वरच्या अंगाला गावकऱ्यांनी घातलेला बांध कोरडा पडला होता. आमच्या बंधाऱ्यात मात्र गुडघाभर पाणी होते. पलीकडे एक म्हातारी वाकून गोण्यांच्या फटींत चिकणमाती दाबीत होती.

"आजी, हे काय चालले आहे?" मी विचारले.

"नातवानं सांगून ठेवलंय, गुरुजी," ती हात न थांबविता म्हणाली. "हितं हुता तवर त्योच करायचा. समदी पोरं घरी गेली की मग यायचा. जाताना म्हणला, आजे, सांजच्याला भेगा बघत जा. न्हाईतर गुरुजींचा बंधारा फुटंल."

मुलांनो, मी काही बोलू शकलो नाही. आमचे श्रमदान जेथे संपत असे, तेथे त्याचे काम सुरू होई. आणि ती वेळ माझ्या हजेरीपटात नव्हती. आग लागली की साऱ्या मैदानाचे लक्ष तिकडे जाते. गोणीच्या फटीतून झिरपणारे पाणी कोण पाहतो? मी तर रोज त्या पाण्याजवळ उभा राहूनही ते पाहिले नव्हते.

गळीत हंगाम संपला आणि ऊसतोडीची माणसे गावाला परतली. शाळेला सुटी होती. मी चिन्ह घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बहिणीला खेळवीत बसला होता. मी डावा हात पुढे केला, त्यानेही केला. तळव्यावर उसाच्या पाचटाने चिरलेल्या रेघा होत्या. त्याने चिन्ह उलटसुलट करून पाहिले. मग हळूच विचारले, "गुरुजी, बाकीच्यांना समद्यांम्होरं दिलं व्हतं का?"

मी 'हो' म्हणालो. त्याने ते चिन्ह बहिणीच्या हाती खेळावयास दिले.

सुटीत मी हजेरीचा नियम रद्द केला. सेवाचिन्ह कोणाला द्यावे हे पुढे संघनायकांच्या सभेत मुलेच ठरवू लागली. मुलांना एकमेकांचे पुष्कळ ठाऊक असते. आपण विचारत नाही, एवढेच. पहिल्याच सभेत त्याचे नाव निघाले, आणि ते मला सुचवावे लागले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थनेनंतर मी साऱ्या शाळेला बंधाऱ्याची हकीकत सांगितली. माझी चूकही सांगितली. आजी फाटकाशी पदर सावरीत उभी होती. मी त्याचे नाव पुकारले. रांगेच्या शेवटून तो पुढे आला. अंगात गणवेश नव्हताच. मुठीत मात्र ते हिरवे चिन्ह होते, धुऊन, नीट घडी घालून आणलेले.