जरा निवू द्या

नाश्ता म्हणजे घरी सौ.ने केलेले पोहे आणि बाहेर म्हणजे इराण्याचा बनमस्का, ही माझी आजवरची समजूत. परवा रविवारी ती आमच्या कन्येने मोडीत काढली. "बाबा, माझ्या पहिल्या पगाराचा ब्रेकफास्ट!" म्हणून तिने मला कोथरूडातल्या एका नव्या कॅफेत नेलं. आईला नेलं नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कॅशवर बसणाऱ्याला खोटी नोट ओळखता येते, पोटच्या पोरीचा चेहरा वाचता येतोच असं नाही.

आत शिरलो तर भिंतींना गिलावा नाही, डोक्यावर उघडे पाइप. मला वाटलं, गवंडी अजून यायचाय. कन्या म्हणाली, तसंच असतं.

काउंटरवरच्या पोराने विचारलं, "पोअर ओव्हर चालेल ना सर?" मला ते आधी 'पोर ओव्हर' असं ऐकू आलं. मी खिशातून पाचशेच्या नोटा काढेपर्यंत कन्येने मोबाइल चौकोनापुढे धरला आणि व्यवहार संपला. मी बिल तपासलं. कॉफी २९० प्रमाणे दोन, टोस्ट ४१०, क्रोसाँ २४०. वर जीएसटी अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. एकूण १२९१ रुपये ५० पैसे. टॅली झालं. म्हणजे भांडायलाही जागा नाही.

हातात एक चकती मिळाली. ती थरथरली की आपला नंबर. पूर्वी बँकेत पितळी टोकन असायचं. ते थरथरत नसे, समोरचं गिऱ्हाईक थरथरे.

कॉफी मात्र त्या पोराने आमच्या देखत केली. काटा शून्यावर आणून १५ ग्रॅम पूड तोलली. सोनेतारणाला आमचा सराफसुद्धा इतका श्वास रोखून तोलत नाही! मग लांब चोचीच्या किटलीतून थोडं पाणी, अर्धा मिनिट विश्रांती, पूड फुगली की पुन्हा बारीक धार. २५० ग्रॅम पाणी व्हायला तीन मिनिटं. मी दूध मागितलं. "चव झाकली जाईल, सर." साखर मागितली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पासबुकाशिवाय आलेल्या माणसाकडे पाहतो.

"जरा निवू द्या सर. गार होईल तशी चव उलगडते." पोरगा साताऱ्याकडचा असावा.

टोस्ट म्हणजे आंबवलेल्या पावाचा जाडजूड तुकडा, वर अव्होकाडोचा हिरवा लगदा. लगदा मिठाची वाट पाहत होता आणि पावाने माझ्या नव्या दाढेची परीक्षा घेतली.

मी निमूटपणे चावतोय हे पाहून पोराने माहिती पुरवली. सतराव्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी फकिराने मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. सात बियांच्या मुदलावर एवढं व्याज माझ्या तरी पाहण्यात नाही.

"चिकमगळूर बंगळूरहून चार-पाच तासांवर आहे," कन्या म्हणाली.

"तुला काय गं करायचंय बंगळूरशी?"

ती क्रोसाँचे पापुद्रे सोलायला लागली. "कंपनीने विचारलंय. एक तारखेपासून. मी हो म्हटलंय." मग हळूच, "आईला तू सांग ना."

पोर लहान, तिची शाळा बदलायला नको, म्हणून बदलीच्या भीतीने मी दोनदा ऑफिसरची बढती नाकारली. हे आमच्या शाखेच्या शिपायालाही ठाऊक आहे. तिलाही असणार. ती पापुद्रेच सोलत होती. मला सुचलं ते एवढंच, "पगार वाढवतायत का?" मग तिथलं भाडं किती, पीएफचं काय, सोबत कोण, हे सगळं विचारून झालं. तिने न चिडता उत्तरं दिली. एरवी दुसऱ्या प्रश्नालाच चिडते.

तोवर कॉफी निवली होती. निवली कसली, थंडगार झाली होती. घोट घेतला. आधी आंबट, मग मागून जांभळासारखं काहीतरी. पोराला तसं सांगितलं तर तो एवढा खूष झाला, की मला वाटलं, आता पैसे परत देतो. दिले नाहीत.

घरी आल्यावर हिने दारातच विचारलं, "काय खाल्लंत एवढं?"

"लोणी-पाव."

"आणि?"

"आणि कॉफी. जरा निवू दे, सांगतो."